बेटावरची सुट्टी आणि चपलांची राखण

आमच्या घरातल्या बायकांनी आजवर समुद्र पाहिला तो चपलांच्या ढिगाआडून. मुरूड, हर्णै, गणपतीपुळे, कुठेही जा, रीत एकच. पुरुष आणि लहान मुलं पाण्यात, आणि आम्ही वाळूवर सतरंजी टाकून बसलेल्या. पुढ्यात आठ जोड चपला, मोबाइल, घड्याळं, पाकिटं आणि भज्यांचा डबा. कोणी जबरदस्तीने बसवत नसे. पण सामान कोणीतरी सांभाळायला हवं, आणि ते 'कोणीतरी' दर वेळी ठरलेलं असे. आमची थोरली बारा वर्षांची होईपर्यंत लाटांत बागडायची. तेराव्या वर्षी ती आपणहून सतरंजीवर येऊन बसली. तिला कोणी काही बोललं नव्हतं. आम्हाला पाहून तिने शिकून घेतलं होतं. शिक्षकी पेशात वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं की मुलं सांगितलेलं कमी आणि दिसलेलं जास्त शिकतात.

दोन वर्षं भिशी लावून दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा निघण्याआधी आम्ही एक तक्ता केला. शाळेत मधल्या सुट्टीत देखरेखीच्या पाळ्या लागतात, तसा. आम्ही घरचे सहा जण: अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर दादी म्हणतं, आम्ही दोघं, सोळा वर्षांची थोरली, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची धाकटी. चपला राखण्याची पाळी प्रत्येकाला. आणि ज्याची पाळी नसेल त्याने खेळलंच पाहिजे, त्यात सूट कोणालाच नाही. दादींनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या पाळ्या वाढवून लिहा. मला कुठं जायचंय पाण्यात?"

वाचक भगिनींनो, पर्द्याची चाड असलेल्या घराने बेटावर जाऊन करायचं तरी काय, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. आम्ही जे केलं ते पुढे सांगतो. कोणाला उपयोगी पडलं तर अलहम्दुलिल्लाह.

निघण्याआधी

अंदमानला विमानाने जाता येतं, तसंच चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजानेही जाता येतं. जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. आम्ही पुण्याहून रेल्वेने चेन्नई गाठली आणि तिथून विमान पकडलं. तिकिटं काढताना नावांचा घोळ होऊ देऊ नका. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप झालं, नील बेट शहीद द्वीप झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी जुनी नावं अजून आहेत. बेटाबेटांमधल्या बोटींचं तिकीट सुट्टीच्या हंगामात आधीच काढलेलं बरं. सरकारी बोट स्वस्त पडते, पण जागा लवकर भरतात.

दुसरी गोष्ट नमाजेची. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास तिथे पाचच्या आसपास सूर्य मावळतो, मिरजेपेक्षा तासभर आधी. सकाळी पाचला लख्ख उजाडलेलं असतं. पहिल्याच दिवशी आमची असर हुकता हुकता राहिली. म्हणून तिथल्या वेळा आधीच लिहून न्याव्यात. किब्ला मात्र आपल्यासारखाच पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. मुलांना कसर नमाज पुस्तकातून शिकवली होती. चार रकात फर्जच्या दोन, मगरिबच्या तीनच, हा धडा बोटीच्या धक्क्यावर त्यांच्या कायमचा लक्षात राहिला.

जेवणाची आम्ही उगीच काळजी केली. १९२१ च्या मोपला बंडानंतर मलबारातून कैदी म्हणून आणलेले अनेक मुसलमान पुढे बायकामुलांना बोलावून इथेच स्थायिक झाले. त्यांनी आपल्या वस्त्यांना गावाकडचीच नावं दिली: वंडूर, मंजेरी, कालिकत. त्यामुळे मशीद आणि हलाल जेवण पोर्ट ब्लेअरमध्ये शोधत फिरावं लागत नाही. लहान बेटांवर आम्ही भात आणि मासळीवर राहिलो. मुलाने खेकड्याकडे बोट दाखवलं, तेव्हा आमच्या हनफी दादी म्हणाल्या, "तो आपल्या रत्नागिरीच्या शाफई पाहुण्यांसाठी. तू मासा खा."

वीस रुपयांची नोट आणि काळं पाणी

पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर. जुनी लाल रंगाची वीस रुपयांची नोट घरात असेल तर बरोबर न्या. तिच्या मागच्या बाजूला माडांतून दिसणारा समुद्र, डोंगर आणि दीपगृह आहे. ते इथलंच दृश्य. नोट डोळ्यांसमोर धरून 'आपण चित्रात नेमके कुठे उभे आहोत' हे शोधायचा खेळ मुलं तासभर खेळली. फुकटातला हा खेळ.

समोरच्या रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) ठिपक्यांची हरणं माणसांना न बुजता फिरतात. इंग्रज साहेबांच्या पडक्या बंगल्यांना झाडांच्या मुळांनी असा विळखा घातला आहे की भिंत कुठली आणि झाड कुठलं ते कळत नाही. आम्ही प्रत्येकाला एक कागद दिला आणि जे आवडेल त्याचं चित्र काढायला सांगितलं. दादींनी हरिण काढलं. त्याला पाच पाय झाले होते, पण तो कागद आज आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मुलांना इथून परत आणू नये. सावरकर बंधूंमुळे या जेलचं नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतं. तारेसारख्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. कोठडीतल्या कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये अशी बांधणी आहे. मात्र मुलांची एक समजूत आम्ही तिथे दुरुस्त केली. काळ्या पाण्याचा प्रत्येक कैदी या जेलमध्ये नव्हता. कैद्यांची वसाहत १८५८ ची आणि हे जेल बांधून झालं १९०६ मध्ये. मौलाना फजले हक खैराबादी १८६१ मध्ये इथेच वारले, तेव्हा जेलची वीटसुद्धा रचलेली नव्हती. त्यांची कबर पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, तिथे आम्ही फातिहा पढलो. मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी १८६६ ते १८८३ अशी सतरा वर्षं इथे होते आणि सुटून गेल्यावर त्यांनी उर्दूत 'काला पानी' लिहिलं. उर्दूच्या वर्गात आम्ही हे नाव अनेकदा घेतलं होतं. त्या समुद्रासमोर उभं राहून घेताना आवाज वेगळा निघाला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली आफ्रिदीने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारलं तेही याच बंदरापलीकडे, आणि शेर अलीला फाशी झाली ती व्हायपर बेटावर. धाकटीने विचारलं, "मग आपण इथं मजा करायची का?" तिचे अब्बा म्हणाले, "ज्यांना हा समुद्र सजा म्हणून मिळाला, त्यांच्यासाठी दुआ करायची. आणि आपल्याला नेमत म्हणून मिळालाय, त्याची कदर करायची."

हिजरी कॅलेंडर आणि ओहोटी

तिसऱ्या दिवशी बोटीने शहीद द्वीप. इथे लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाच्या खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत ओहोटीलाच जाता येतं. पाणी उतरलं की खडकांतल्या डबक्यांत तारामासे, समुद्री काकड्या, शंखात राहणारे खेकडे आणि निळे-पिवळे चिमुकले मासे दिसतात.

ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारावी हे खरंच. पण आपल्या घरातलं हिजरी कॅलेंडरही इथे कामाला येतं. भरती-ओहोटी चंद्राच्या हिशोबाने चालते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे चांद्र महिन्याच्या सुरुवातीला आणि मध्याला, उधाण येतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक कमी. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिवाळी अमावस्येला येते, म्हणजे आमचा चांद्र महिना संपत आला होता. मुलांनी वहीत लिहून ठेवलेला अंदाज दुसऱ्या दिवशी जवळजवळ बरोबर आला. भूगोलाच्या तासाला जे डोक्यावरून गेलं होतं ते तिथे पायाखाली आलं.

डबक्यांत फक्त बघायचं, उचलायचं काही नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. मेलेला तुकडाही खिशात घालून आणू नये, विमानतळावर सामान तपासतात. धाकटीने तीन शिंपले मुठीत लपवले होते. ते तिने स्वतः परत ठेवले. मग थोडं रडली.

दादींचे गुडघे त्या निसरड्या खडकांवर चालणार नव्हते. त्या दिवशी पाळी यांची होती, म्हणून मायलेक दोघं छत्रीखाली बसले. नंतर भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीत आम्ही दादींना बसवलं. पायांखाली प्रवाळांची बाग सरकत होती. दादी अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, "सुब्हानअल्लाह. हे सगळं खाली होतं, आणि आपण वर बसून भजी खात होतो."

भोपळ्याची गोष्ट

त्याच संध्याकाळी घरात वाद झाला. दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीपला स्नॉर्केलिंग करायचं होतं. म्हणजे डोळ्यांना काच, तोंडात श्वासाची नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे पाहायचे. पोहता येत नसलं तरी चालतं. थोरलीसाठी आम्ही पूर्ण बाह्यांचा, डोकं झाकणारा पोहण्याचा पोशाख आणला होता. तो खाटेवर पसरलेला पाहून दादींचा चेहरा बदलला. "सोळा वर्षांची पोर पाण्यात उतरणार आणि लोक बघत बसणार? अंग झाकलं म्हणजे झालं का सगळं?" आम्हीही थोडं चढ्या आवाजात बोललो. यांनी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात थोरली शांतपणे म्हणाली, "भांडू नका. मी बसते ना चपलांजवळ. सवय आहे मला."

'सवय आहे मला' हे शब्द आम्हाला लागले. दादींना आमच्याहून जास्त लागले असावेत. त्या उठून इशाच्या नमाजेला उभ्या राहिल्या आणि नंतर कोणाशी बोलल्या नाहीत.

सकाळी फजरनंतर त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं आणि आम्ही वीस वर्षांत कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. नऊ वर्षांच्या असताना चाचांनी त्यांच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधले आणि नदीत सोडलं. आठवड्यात भोपळे सुटले. दोन उन्हाळ्यांनंतर त्या नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन येत. तेरावं लागलं आणि घरच्यांनी सांगितलं, आता पुरे. "त्यानंतर पंचावन्न वर्षं पाणी अंगाला लागलं ते वुजूपुरतं आणि गुस्लपुरतं," दादी म्हणाल्या. "मला कोणी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काल तू जे बोललीस ना, तेच मी तेव्हा बोलले होते. सवय होईल म्हणून." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जा. पण अब्बांचा हात सोडू नकोस."

पाण्याखालची शाळा

स्वराज द्वीपच्या धक्क्यावरून होडीने एलिफंट बीचला गेलो. इथे आम्ही जे शिकलो ते भगिनींसाठी सविस्तर सांगतो.

बुरखा, ओढणी किंवा सुती सलवार-कमीज घालून खोल पाण्यात जाऊ नये. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि पायांत अडकतं. हलक्या कापडाचा पूर्ण पोशाख आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा सैल अंगरखा, हे सुरक्षितही आणि शालीनही. डोळ्यांच्या काचेखाली केस किंवा टोपीची कड आली तर आत पाणी शिरतं, म्हणून टोपी कपाळावरून थोडी मागे घ्यावी आणि काचेचा पट्टा टोपीवरून बांधावा. आधी गुडघाभर पाण्यात उभं राहून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव करावा. घाई करू नये.

शिकवणारा पुरुष असतो, ही अडचण आम्ही आधीच बोलून घेतली. बाई असेल तर उत्तमच, विचारायला संकोच करू नये. आमच्या वेळी नव्हती. तेव्हा असं ठरलं की तो पुढे राहून तरंगत्या टायरची दोरी ओढेल आणि मुलीला धरायचं काम तिचे अब्बा करतील. त्याने मान डोलावली आणि शेवटपर्यंत ते पाळलं. गर्दी होण्याआधी पहिल्या होडीने गेल्यामुळे आजूबाजूला माणसंही थोडी होती.

थोरली पाण्यात तोंड घालून गेली ती पंधरा मिनिटांनी वर आली. काच काढली तेव्हा डोळे लाल झाले होते. पाणी गेलं होतं की रडली होती, आम्ही विचारलं नाही. ती बोलत सुटली. पोपटासारखी चोच असलेला मासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कटकट आवाज पाण्यात ऐकू येतो म्हणे. मग मुलगा गेला, मग आम्ही. चव्वेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात डोकं बुडवलं. सुरुवातीला छाती धडधडली, दुआ आठवेना, फक्त 'या अल्लाह' एवढंच मनात. मग खाली पाहिलं आणि भीती कुठे गेली कळलंच नाही.

परत आलो तर थोरली तक्ता काढून उभी. "दादी, आज तुमची पाळी नाही." दादींनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी लाइफ जॅकेट चढवलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला नात, अशा कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, आणि आम्ही काही समजायच्या आत अलगद पाठीवर आडव्या झाल्या. डोळे मिटलेले, हात पसरलेले. पंचावन्न वर्षांनी शरीराला सगळं आठवत होतं. "दादी, भोपळे कुठं आहेत?" धाकटी ओरडली. दादी डोळे न उघडता हसल्या.

तेव्हा किनाऱ्यावर कोणीच उरलं नव्हतं. चपला आम्ही एका जाळीच्या पिशवीत भरून झाडाच्या फांदीला अडकवल्या होत्या. इतकी साधी युक्ती इतक्या वर्षांत कोणाला सुचली नव्हती.

राधानगरची मगरिब

शेवटची संध्याकाळ राधानगर किनाऱ्यावर. 'टाइम' या नियतकालिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समोर समुद्रात मावळतो आणि किब्लाही साधारण समोरच. गर्दीपासून दूर, झाडांच्या कडेला चटया टाकल्या. हे पुढे, त्यांच्यामागे मुलगा, त्यांच्यामागे आम्ही सगळ्या. दादी घडीच्या खुर्चीवर. सलाम फिरवला आणि धाकटी ओरडली, "चांद!" पाण्याच्या वर, लालीमध्ये, नखाच्या कडेएवढा नवा चंद्र. आम्ही चांद पाहायला घराच्या गच्चीवर दर वर्षी ईदला उभे राहतो, तेव्हा समोर विजेच्या तारा असतात. इथे मध्ये काहीच नव्हतं. सगळ्यांनी हात उचलले.

त्या संध्याकाळी पाळी यांची होती. सूर्यास्ताआधी चपलांजवळ बसल्या बसल्या यांना झोप लागली होती. नव्या चंद्राचं उधाण वर आलं आणि एक जोड घेऊन गेलं. नेमका यांचाच. मुलगा म्हणाला, "अब्बा, तारीख बघून बसायचं होतं."

जाता जाता

काही सूचना. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. फलक लावलेल्या ठिकाणी आणि जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये, अंधार पडल्यावर तर नाहीच. बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी बसू नये. मुलींचे पाण्यातले फोटो आम्ही घरच्याच मोबाइलमध्ये ठेवले, कुठे टाकले नाहीत. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आम्ही सोडून दिल्या. तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी आहे, तरी काही प्रवासी गुहांपेक्षा माणसं पाहायला जातात. आम्हाला ते पटलं नाही.

कुरआन शरीफमध्ये जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद ठिकठिकाणी आली आहे. ती फक्त पुरुषांना नाही. अंदमान प्रत्येकाला परवडेल असं नाही, आम्हालाही पुन्हा कधी परवडेल ठाऊक नाही. पण पाळीचा तक्ता हर्णैच्या किनाऱ्यावरही लावता येतो, कृष्णेच्या घाटावरही. पुढच्या वेळी घरचे सहलीला निघाले की एवढंच पाहा, सतरंजीवर दर वेळी कोण बसतं. तिला विचारा, तिला पोहता येतं का. कदाचित येत असेल.